जपानहून आलेली जुनी युनोस रोडस्टर: पहिल्या महिन्यातल्या तक्रारी कशा निस्तराव्यात

जपानमधून ब्रिटनमध्ये येणारी जुनी गाडी आधी लिलावाच्या यार्डात उभी असते, मग बंदरावर, मग जहाजात, आणि शेवटी विक्रेत्याच्या अंगणात. यात कित्येक महिने जातात. त्यामुळे गाडी ताब्यात आल्यावर पहिल्या महिन्यात निघणाऱ्या बऱ्याचशा तक्रारी नुसतं उभं राहिल्याच्या असतात: मेलेली बॅटरी, शिळं पेट्रोल, चिकटलेले ब्रेक, वाळलेले सील. खरे बिघाड त्यांच्या आड दडतात. म्हणून दिसेल ती तक्रार लगेच सुटा भाग बदलून मिटवायला जाऊ नका. आधी गाडी एका ठाऊक पातळीवर आणा, मग उरलेल्या तक्रारींचा माग काढा.

इथे उदाहरण घेतलं आहे ते १९८९ ते १९९७ या काळातल्या युनोस रोडस्टर या दुमडत्या छताच्या गाडीचं, म्हणजे माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीच्या जपानी रूपाचं. आधी १.६ लिटर इंजिन होतं, १९९३ पासून १.८ आलं. (भारतात तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी साधारणपणे आयातच करता येत नाही, त्यामुळे हे सगळं ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींच्याच कामाचं. जपानी गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे, हेडलाइटचा झोतही डावीकडून चालण्याच्या हिशेबाचा, एवढी सोय तिथे आयतीच मिळते.)

पाना हातात घेण्याआधी

गाडी व्यापाऱ्याकडून घेतली असेल तर ब्रिटनचा २०१५ चा ग्राहक हक्क कायदा तुमच्या बाजूने आहे. गाडीत मोठा दोष निघाला तर ती ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. ही मुदत टळली तर दुरुस्तीची एक संधी विक्रेत्याला द्यावी लागते. ती फसली तर किंमत कमी करून घेणं किंवा गाडी परत करणं, असा मार्ग राहतो. दुरुस्ती आणि त्यापुढच्या या मार्गांसाठी पहिल्या सहा महिन्यांत निघालेला दोष विक्रीच्या वेळी होताच असं धरलं जातं. तो नव्हता हे व्यापाऱ्याला दाखवावं लागतं. मात्र वय आणि किंमत लक्षात घेतली जाते. तीस वर्षांच्या गाडीत कव्हरमधून तेल पाझरतंय म्हणून कोणी पैसे परत देणार नाही. इंजिन उकळतंय किंवा सिल (दाराखालची पत्र्याची पोकळ तुळई) कुजलेलं निघालं, तर गोष्ट वेगळी.

यातली गोम अशी, की विक्रेत्याला न कळवता दुसऱ्या गॅरेजात इंजिन उघडलंत तर दोष आधीचा की नंतरचा, यावरच वाद सुरू होतो. म्हणून दोष दिसला त्याच दिवशी फोटो, व्हिडिओ आणि मैलांचा आकडा घालून ईमेल करा. फोनवर बोलणं झालं तरी त्याचा गोषवारा ईमेलने पाठवा. किंमत १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत असेल आणि तिचा थोडा भाग जरी क्रेडिट कार्डाने भरला असेल, तर १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या ७५व्या कलमाखाली कार्ड कंपनीकडेही दाद मागता येते. खासगी माणसाकडून घेतलेल्या गाडीला यातलं जवळजवळ काहीच लागू नाही. तिथे फक्त ‘वर्णन केलं तशी गाडी आहे का’ एवढंच बघतात. जपानमधल्या एजंटामार्फत स्वतः मागवली असेल तर या कायद्याच्या भरवशावर राहू नका.

सोबत आलेले जपानी कागद फेकू नका. निर्यातीच्या दाखल्यावर शेवटच्या तपासणीच्या वेळचा किलोमीटरचा आकडा असतो, तो डॅशबोर्डवरच्या आकड्याशी ताडून बघा. बोनेटखाली टायमिंग बेल्ट बदलल्याचा स्टिकर असेल तर त्यावरचं साल बहुधा जपानी सम्राटाच्या कारकिर्दीचं असतं. हेइसेई वर्षात १९८८ मिळवा, रेइवा वर्षात २०१८. म्हणजे स्टिकरवर हेइसेई २० असेल तर बेल्ट २००८ चा. आकडा किलोमीटरचा आहे हेही विसरू नका. मैल समजून हिशेब केला की बेल्ट अजून बराच चालेल असं उगाच वाटतं.

गाडी ठाऊक पातळीवर आणणं

पहिल्या आठवड्यात ही कामं करा, गाडी कितीही गोड चालत असली तरी.

इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला. १.६ ला फिल्टरसकट साधारण ३.४ लिटर लागतं, १.८ ला ३.८. एकदम सगळं ओतू नका, शेवटचा अर्धा लिटर डिपस्टिक बघत घाला. १०डब्ल्यू-४० चांगलं चालतं. थंड इंजिन सुरू करताना वरून टकटक आवाज येतो तो हायड्रॉलिक टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व दाबणाऱ्या, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या भागांचा. गाडी बरेच दिवस उभी असली की टॅपेटमधलं तेल उतरतं. ताजं तेल घालून शे-दोनशे मैल चालवल्यावर आवाज बहुतेक वेळा जातो, म्हणून त्याआधी टॅपेट बदलायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. इंजिनाच्या तळातून येणारा जड ठोका मात्र वेगळा. तो ऐकू आला तर गाडी बंद करा आणि विक्रेत्याला ईमेल करा.

तेलाच्या दाबाचा काटा सुरुवातीच्या गाड्यांत खरा आहे: गरम इंजिन मंद चालताना खाली येतो, आरपीएम चढले की वर जातो. काटा हलतो म्हणून घाबरू नका. नंतरच्या गाड्यांत तो नुसता मध्यावर जाऊन बसतो, म्हणजे मीटरच्या वेशातला दिवाच तो.

प्लग एनजीके बीकेआर६ई-११, फट १.१ मिलिमीटर. प्लगच्या विहिरीत साचलेली घाण आधी हवेने उडवा, नाहीतर प्लग काढताच ती सिलिंडरमध्ये पडते. थंड इंजिनावर हाताने आटे बसवा आणि मग १५ ते २३ न्यूटन-मीटरने आवळा. हेड ॲल्युमिनियमचं आहे. विहिरीत तेल साचलेलं दिसलं तर कॅम कव्हरची गॅस्केट गेली आहे. ती तासाभराच्या कामात बदलून होते.

ब्रेक आणि क्लचचं तेल बदला, डॉट ४ चा एक लिटर दोन्हींना पुरतो. कूलंट सुमारे ६ लिटर. गिअरबॉक्समध्ये ७५डब्ल्यू-९०, जीएल-४ दर्जाचं, २ लिटर. गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल, दोन्हींत खालचा बोल्ट उघडण्याआधी तेल भरायचा वरचा बोल्ट सुटतो का ते बघा. वरचा अडकला आणि खालून तेल निघून गेलं, तर गाडी तिथेच अडकली. थंडीत दुसरा गिअर खरखरत पडणं ही या गिअरबॉक्सची जुनी सवय. ताज्या तेलाने ती कमी होते, पूर्ण जात नाही. गिअरच्या दांड्याभोवती गरम हवा आणि आवाज येत असेल तर दांड्याखालचं रबर फाटलं आहे. ते बदलताना खालच्या छोट्या वाटीत सुमारे ८० मिलिलिटर गिअर ऑइल घालायला विसरू नका. ती वाटी कोरडी असली की दांडा खडखडतो, आणि लोक उगाच गिअरबॉक्सला दोष देतात.

पेट्रोलची टाकी शक्यतो रिकामी होऊ द्या, मग सुपर अनलेडेड भरा. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि २००२ पूर्वीच्या गाड्यांना ते मानवेलच असं नाही. पेट्रोलचे रबरी पाइप जुने असतील तर अधिकच जपा.

टायरच्या कडेवरच्या लंबगोलातले शेवटचे चार आकडे वाचा: ‘२३१२’ म्हणजे २०१२ सालचा २३वा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी दहा वर्षांचं रबर ओल्या रस्त्यावर धोक्याचं. ही हलकी, मागच्या चाकांनी चालणारी गाडी आहे. पावसात वळणावर मागून घसरते, आणि दोष मात्र सस्पेन्शनला मिळतो.

बॅटरी रात्रीतून उतरते

बॅटरी डिकीत, उजव्या कोपऱ्यात आहे. तिथे बाहेर वायू सोडणाऱ्या नळीची सोय असलेली, बंद प्रकारचीच बॅटरी लागते. साधी आम्लाची बसवली असेल तर तिच्या वाफेने आजूबाजूचा पत्रा खाल्ला जातो. बॅटरी उचलून खालचा रंग बघाच.

नवी बॅटरीही दोन-तीन दिवसांत उतरत असेल तर जपानमध्ये मागाहून बसवलेल्या वस्तूंवर संशय घ्या: टोल भरायचं ईटीसी यंत्र, अलार्म, टर्बो टायमर, जुना स्टीरिओ. मल्टिमीटर १० ॲम्पिअरच्या खाचेवर लावा, बॅटरीची ऋण तार काढा आणि तार व टर्मिनल यांच्यामध्ये मीटर जोडा. दारं बंद, डिकीचा दिवा बंद, किल्ली बाहेर. मीटर जोडलेला असताना स्टार्टर फिरवायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल. काही मिनिटं थांबून आकडा वाचा. ५० मिलिॲम्पिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा; ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येतो, त्याच सर्किटमध्ये गळती आहे. एकही फ्यूज काढून फरक पडला नाही तर वस्तू थेट बॅटरीला किंवा किल्लीच्या वायरला चावा घेऊन जोडलेली आहे. स्टिअरिंगखालचं आवरण उघडा. निळ्या चिमट्यांचे जोड दिसले की चोर तिथेच आहे. ईटीसी यंत्राचा ब्रिटनमध्ये काही उपयोग नाही. ते काढून वायर मुळापर्यंत मोकळी करा, अर्ध्यात तोडून टेप गुंडाळू नका.

इंजिन झटके देतं

या इंजिनात दोन कॉइल आहेत. एक १ आणि ४ नंबरच्या सिलिंडरला ठिणगी देते, दुसरी २ आणि ३ ला. शोध इथूनच सोपा होतो. इंजिन मंद चालू असताना रबराचे जाड हातमोजे घालून प्लगची एकेक वायर इन्सुलेटेड चिमट्याने काढा आणि लगेच परत लावा. ज्या वायरने इंजिनाच्या चालीत फरक पडत नाही तो सिलिंडर मेलेला. एकच मेलेला असेल तर वायर किंवा प्लग. १-४ किंवा २-३ अशी जोडी असेल तर कॉइल किंवा तिचा कनेक्टर. वायरचा रोध मोजून बघा: एखादीचा आकडा बाकीच्यांच्या दुप्पट असेल तर पूर्ण संच बदला. अंधारात बोनेट उघडून चालत्या इंजिनावर बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारला की फुटलेल्या वायरवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात.

वायर ठीक असतील तर गाडीच्या कॉम्प्युटरला विचारा. बोनेटखाली ‘डायग्नोसिस’ असं इंग्रजीत लिहिलेली छोटी डबी आहे. तिच्या झाकणाच्या आत प्रत्येक खाचेचं नाव छापलेलं असतं. टीईएन आणि जीएनडी या खाचा वायरच्या तुकड्याने जोडा. डॅशवर इंजिनाचा दिवा नसेल तर बी+ आणि एफईएन यांच्यामध्ये १ किलो-ओहमच्या रोधकासह एलईडी लावा. किल्ली चालू, इंजिन बंद. लांब लुकलुकणं दशकाचं, छोटं एककाचं. २ आणि ३ हे कोड क्रँक-कॅमच्या सेन्सरचे, ८ हवा मोजणाऱ्या मीटरचा, ९ पाण्याच्या तापमानाचा, १५ आणि १७ ऑक्सिजन सेन्सरचे, ३४ मंद गतीच्या झडपेचा. कोड लिहून घ्या, मग बॅटरीची ऋण तार काढून ब्रेकचं पेडल वीसेक सेकंद दाबून धरा, म्हणजे ते पुसले जातात. पुन्हा आला तो खरा. उभ्या गाडीत बॅटरी मेल्यामुळे नोंदलेला कोड परत येत नाही.

तीच टीईएन-जीएनडी जोडणी ठेवून गरम इंजिनावर मंद गती ८५० आरपीएम आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) १० अंशांवर आहे का बघा. जपानमधल्या हौशी मालकांनी टायमिंग पुढे ओढून ठेवलेलं असतं, तिथल्या उच्च ऑक्टेन पेट्रोलच्या भरवशावर. चढावर इंजिनातून खडखड आली तर आधी हे तपासा. टायमिंग लाइटने पुलीवरची खूण बघताना ती एका जागी न राहता भटकत असेल, तर पुढचा भाग नीट वाचा.

क्रँकचं नाक

१९९१ च्या मध्याआधीच्या १.६ इंजिनात क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड आहे. बेल्ट बदलताना कोणी बोल्ट चुकीच्या ताकदीने आवळला असेल तर पुली हळूहळू डगमगते, चावी (पुलीकडचा भाग क्रँकवर घट्ट धरणारा धातूचा छोटा तुकडा) आणि तिची खाच झिजते, टायमिंग सरकतं आणि गाडीची ताकद जाते. शेवटी क्रँकच निकामी होतो. या गाडीतला हा एकमेव दोष असा आहे की ज्यासाठी मुदत हातात असेल तर गाडी सरळ परत करावी.

ओळखणं सोपं आहे. रेडिएटरच्या बाजूने वाकून क्रँकच्या पुलीचा मधला भाग टॉर्चने बघा: चार खाचा असतील तर आखूड नाक, आठ असतील तर नंतरचं लांब. आखूड असेल तर इंजिन चालू ठेवून पुली डोळ्याने पारखा, डगमग चालणार नाही. बेल्टचं काम करून घेताना मेकॅनिकला सांगा, की आखूड नाकाच्या बोल्टला १०८ ते ११८ न्यूटन-मीटर, लांबाला १५७ ते १६७. दुसरा आकडा पहिल्यावर वापरू नये. काढलेला बोल्ट परत न वापरता नवा घ्या, चावीही नवी.

बेल्टची मुदत १ लाख किलोमीटर किंवा ६०,००० मैल. पुरावा नसेल तर बदलायचा. या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व पिस्टनवर आपटत नाहीत, त्यामुळे इंजिन वाचतं. तुम्ही मात्र मोटरवेच्या कडेला उभे. सोबत टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप, कॅमची सील आणि क्रँकची पुढची सील एकदमच बदला, मजुरी एकदाच लागते. बसवताना दोन्ही कॅम चाकांवरच्या खुणांच्या मध्ये बेल्टचे १९ दात मोजून घ्या.

तेल, पाणी आणि क्लच

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून तेल ठिबकताना दिसलं की गॅरेजवाले क्रँकची मागची सील गेली असं सांगतात. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. आधी हेडच्या मागच्या टोकाला असलेला क्रँक-कॅम सेन्सर चाचपा. त्याची ओ-रिंग वाळते, तेल मागून ओघळून खाली येतं आणि वाटेत हीटरचे पाइपही नासवतं. रिंग किरकोळ किमतीची असते. काढण्याआधी सेन्सर आणि हेडवर मार्करने रेघ मारा, १२ मिलिमीटरचा बोल्ट काढा, सेन्सर मागे ओढा, रिंग बदला, रेघेला रेघ जुळवून परत बसवा. त्याची जीभ एकाच दिशेने बसते. हात जेमतेम पोहोचतो, शिव्या आठवतात, पण गिअरबॉक्स उतरवण्यापुढे हे काहीच नाही.

रेडिएटरची वरची टाकी प्लास्टिकची आहे. नवी असताना काळी, वय झालं की हिरवट-तपकिरी. तपकिरी झाली म्हणजे फुटण्याच्या बेतात आहे. गळायची वाट बघू नका. कूलंट भरताना गाडीचं नाक उंच करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि झाकण उघडं ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालवा. हवा राहिली की तापमानाचा काटा वर-खाली होतो आणि लोक थर्मोस्टॅट बदलत बसतात.

क्लचचं पेडल सकाळी मऊ, दोनदा दाबल्यावर ठीक, असं असेल तर गिअरबॉक्सच्या कडेचा स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने क्लच दाबणारा) गळतोय. त्याचं रबरी टोपण जरा बाजूला करा. आत ओलं दिसलं तर तो गेला. फक्त स्लेव्ह बदलला की नव्या सीलच्या दाबाने पेडलकडचा जुना मास्टर सिलिंडर थोड्याच दिवसांत हार मानतो, म्हणून दोन्ही एकदम बदला. पाइपाचा नट गोल होऊ नये म्हणून फ्लेअर नट पाना वापरा.

मागचे ब्रेक

हँडब्रेक वरपर्यंत ओढूनही गाडी घसरते, किंवा एक मागचं चाक तापतं, या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच. मागच्या कॅलिपरची आपोआप जुळणारी यंत्रणा उभ्या गाडीत जाम होते. हँडब्रेकची तार आवळून काही होत नाही. कॅलिपरच्या मागचा टोपणबोल्ट काढा, आत ४ मिलिमीटरची ॲलन की जाते. पॅड डिस्कला घट्ट लागेपर्यंत ती घड्याळाच्या दिशेने फिरवा, मग एक तृतीयांश फेरा उलट. नवे पॅड घालताना पिस्टनही याच किल्लीने मागे घ्यायचा. चिमट्याने दाबलात तर आतली यंत्रणा मोडते. स्लाइडच्या पिना बाहेर काढून साफ करा आणि रबराला चालणारं ग्रीस लावा. गाडी उचलताना स्टँड सिलच्या ठरलेल्या जागी, जॅक मागे डिफरेन्शियलखाली किंवा पुढे मधल्या सबफ्रेमखाली. फरशीच्या पत्र्याखाली कधीच नाही.

पायाखाली ओल

छतावरचं पाणी सीटच्या मागे दोन्ही कोपऱ्यांतल्या नळ्यांतून मागच्या चाकांपुढे खाली पडतं. नळ्या पाल्याने तुंबल्या की पाणी गालिच्यात आणि सिलमध्ये जातं, आणि सिल आतून कुजतं. प्रत्येक कोपऱ्यात पेलाभर पाणी ओता. खाली लगेच धार आली पाहिजे. नाही आली तर लांब प्लास्टिकच्या केबल टायने मोकळं करा. कडक तार घालू नका, नळीला भोक पडतं. मागच्या चाकापुढचं सिल बोटाने दाबून बघा, रंगाखाली फुगवटे असतील तर ते आतून आलेले आहेत.

होक्काइदो किंवा तोहोकूसारख्या बर्फाच्या भागातली नसेल तर जपानी गाडी खालून आश्चर्य वाटेल इतकी स्वच्छ असते. हे सुख एका ब्रिटिश हिवाळ्यापुरतं. रस्त्यावर मीठ पडायच्या आत, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत, खालून धुऊन, पूर्ण वाळवून पोकळ्यांत मेण फवारून घ्या.

छत दुमडण्याआधी मागच्या प्लास्टिकच्या खिडकीची चेन उघडून खिडकी सपाट ठेवा. थंडीत तशीच दुमडली की ती चिरते. हेडलाइट वर येत नसतील तर मोटरवरच्या रबरी टोपीखालची घुंडी हाताने फिरवून ते उघडता येतात. मग सावकाशीने मोटरचा कनेक्टर साफ करा.

एमओटी चाचणीला (ब्रिटनमधल्या गाड्यांच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीला) जाण्याआधी मागचा फॉग लाइट बघा, जपानी गाडीत तो बहुधा नसतो. तो मध्यभागी किंवा ड्रायव्हरच्या बाजूला असावा लागतो, हेडलाइट चालू असतानाच लागावा, आणि डॅशवर त्याचा सूचक दिवा हवा. मीटर मैलांत दाखवणारा करून घ्या. रेडिओवर स्टेशनं लागत नाहीत हा बिघाड नव्हे. जपानी एफएम ९० मेगाहर्ट्‌झलाच संपत असे. जुना संच काढून नवा बसवा, आणि डॅश उघडलेलाच आहे तर ईटीसीच्या उरलेल्या वायरही त्याच वेळी काढून टाका.